प्रति कोअर दर

कोटेशनरावांचं खरं नाव ऑफिसच्या मस्टरवर होतं आणि तिथेच पडून होतं. पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढल्यावर शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना कोटेशनराव म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढाच काय तो मान. टाचण्यांची डबी घ्यायची झाली तरी तीन कोटेशनं हवीत, ती तीन वेगळ्या बंद पाकिटांतून आलेली हवीत, मग तुलनात्मक तक्ता, आणि तक्त्यात ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्या नावापुढे लाल शाईची बरोबरची खूण. खूण झाली की कोटेशनराव चष्मा काढून पुसत आणि पुढची फाइल ओढत. आणलेली वस्तू कशी निघाली हे बघायला ते कधी गेले नाहीत. ते काम भांडार विभागाचं.

त्यांच्या कारभाराच्या खुणा खात्यात जागोजागी चालत-बोलत होत्या. रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसांसाठी गमबूट घेताना सगळे एकाच मापाचे घेतले तर जोडामागे दर कमी पडतो, हा शोध त्यांचाच. त्यामुळे सगळ्यांना नऊ नंबर मिळाला. सहा नंबर पायाची माणसं बुटात कागद कोंबून चालत, आणि अकरावाले बूट घरी नेऊन त्यांत रोपं लावत. तक्रार कुणी केली नाही, कारण तक्रारीच्या अर्जासोबत जुने बूट जमा करावे लागत.

घरात मात्र खरेदी बायकोकडे होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याला ओळखून होती. लग्नानंतरच्या वर्षी कोटेशनरावांनी एकदाच कुकर घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा चार महिने पातेल्यात भात शिजवायची वेळ आली होती. तेव्हापासून बाजारात ती जायची आणि हे पिशवी धरायचे. संसार त्यामुळेच सुरळीत चालला होता, असं तिचं स्पष्ट मत होतं.

अशा घरात धाकटीने कॉम्प्युटरचा विषय काढला.

थोरलीचं लग्न होऊन ती गेलेली. धाकटी अठराची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आणि कॉम्प्युटरवरच्या एका खेळात तिचा हात बसलेला. खेळ चार-चार जणांच्या दोन टीमचा, किल्ला राखायचा आणि किल्ला घ्यायचा. शहरातल्या कॉलेजांची स्पर्धा होती. तिच्या कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये तीन जागा भरल्या होत्या आणि चौथीसाठी कप्तान हिला घ्यायला तयार होती, पण एका अटीवर. सहा आठवड्यांनी रविवारी दुपारी चारला निवडीचा सामना होता, आपापल्या घरून खेळायचा, आणि त्यात हिचा कॉम्प्युटर अडखळता कामा नये. सध्याचा जो होता तो इतका मंद होता, की शत्रू पडद्यावर दिसायच्या आधीच ही मेलेली असे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने दोन वर्षांत अर्धे पैसे जमवले होते. ग्राफिक्स कार्ड एका मैत्रिणीकडून जुनं घेऊन आधीच बसवलं होतं. आता प्रोसेसर बदलायचा, आणि त्याला चालेल असा मदरबोर्ड आणि रॅम. तिने एका चिठ्ठीवर तिन्ही नावं लिहून ती जमवलेल्या पैशांसोबत बाबांच्या हातात दिली. प्रोसेसर गेल्या वर्षीचा, सहा कोअरचा, किंमत उतरलेली. या पैशांत याहून बरा मिळत नाही, हे तिने महिनाभर वाचून, मैत्रिणींची मशीनं वापरून ठरवलं होतं.

कोटेशनरावांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “घेऊ. पण रीतसर घेऊ.”

रीतसर हा शब्द कानावर पडताच बायकोने हातातली वही मिटली आणि मुलीकडे बघितलं. मुलगी अजून आशेवर होती.

पहिला आठवडा फाइल उघडण्यात गेला. विषय, संदर्भ, मागणी, मागणीचं कारण. कारणाच्या रकान्यात त्यांनी “किल्ल्याचे रक्षण” असं लिहिलं, मग खोडून “शैक्षणिक” लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात ते दुकानं फिरले. बंद पाकिटातलं कोटेशन मागितल्यावर पहिला दुकानदार हसला. दुसऱ्याने फोनवर फोटो पाठवला. कोटेशनरावांनी तो फोटो छापून आणला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि रविवारी सकाळी बायकोला साक्षीदार म्हणून समोर बसवून फोडलं. आत काय आहे हे बघून त्यांना आश्चर्य वाटल्याचं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं.

धाकटीने या काळात दोनदा बोलायचा प्रयत्न केला. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक कामकरी, आणि खेळाला त्यातले किती लागतात, हे ती समजावणार होती. कोटेशनरावांनी हात वर करून तिला थांबवलं. “हे बघ, तू मागणीदार आहेस. मागणीदाराने खरेदीत पडायचं नसतं. त्याने खरेदी निष्पक्ष राहत नाही.” ते हे रागाने बोलले नव्हते. उलट आपण मुलीला एका मोठ्या दोषापासून वाचवतोय असंच त्यांना मनापासून वाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त इथे कळशाला बोलायची बंदी होती.

गावात विचारायला माणसं भरपूर होती. बायकोचा भाऊ विम्याची कामं करायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याने चहा संपेपर्यंत निकाल दिला. भावोजी, आता जमाना कोअरचा आहे, जितके जास्त तितके बरे, पुढच्या दहा वर्षांचा विचार करा. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला किती कोअर आहेत असं बहिणीने विचारलं, तेव्हा त्याला एका गिऱ्हाइकाचा फोन आला.

मग कोटेशनराव त्या दुकानात गेले ज्याचं नाव धाकटीने चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं होतं. दुकान एका बाईंचं. तीन बाजूंना खोकी, मध्ये टेबल, टेबलावर उघडं मशीन, आणि बाई बारीक पेचकसाने काहीतरी काढत होत्या. कोटेशनरावांनी फाइल उघडून आपली अडचण मांडली. सहा कोअरला एवढा दर. आठ कोअरला तेवढा. मग अशी काही वस्तू नाही का, जिच्यात कोअर जास्त आणि दर कमी? बाई म्हणाल्या, आहे की. मोठ्या कंपन्या आणि कचेऱ्या आपली जुनी सर्व्हर मशीनं भंगारात काढतात, त्यांतले प्रोसेसर बाजारात येतात. बारा, चौदा, अठरा कोअरचे, मातीमोल भावात. पण खेळासाठी ते घेऊ नका. एकेक कोअर मंद असतो, आणि खेळाचं मुख्य काम दोन-चार कोअरच ओढतात. ते चपळ हवेत, बाकीचे नुसते बसून राहतात.

कोटेशनरावांना हे काही पटेना. अठरा जण सहा जणांपेक्षा जास्त काम करणार, यात समजण्यासारखं काय नाही?

बाईंनी पेचकस खाली ठेवला. “साहेब, तुमच्या विभागात माणसं किती?”

“अठरा,” कोटेशनराव म्हणाले. योगायोगच, पण खरा.

“आणि काम किती जण ओढतात?”

कोटेशनरावांनी फाइल मिटली. बाईंचं बोलणं त्यांना लागलं, आणि लागलं म्हणूनच त्यांनी त्याचा विचार केला नाही. बाहेर पडताना त्यांच्या मनात एवढंच होतं, की सहा कोअरवाल्याचं बाईंना जास्त कमिशन असणार. तक्त्यात बाईंच्या नावापुढे त्यांनी “हितसंबंधाची शक्यता” असा शेरा मारला.

पाचव्या आठवड्यात तक्ता पुरा झाला. अकरा रकाने, सात ओळी, आणि शेवटचा रकाना कोटेशनरावांच्या एकतीस वर्षांच्या अनुभवातून उतरलेला. किमतीला कोअरच्या संख्येने भागायचं. प्रति कोअर दर. जोडामागे दर, मीटरमागे दर, तसाच कोअरमागे दर. त्या रकान्यात चिठ्ठीवरचा सहा कोअरवाला सर्वांत महाग निघाला आणि जुन्या सर्व्हरमधून काढलेला अठरा कोअरवाला सर्वांत स्वस्त. एवढा स्वस्त, की कोटेशनरावांनी भागाकार दोनदा केला आणि मग बायकोकडे तपासायला दिला.

तिने तपासला. “भागाकार बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण भागायचं कशाने हे कुणी ठरवलं? एक ना धड भाराभर चिंध्या घ्यायला निघालात तुम्ही. पोरीला विचारा.”

पोरीला विचारणं नियमात बसत नव्हतं. लाल शाईची खूण झाली. गुरुवारी संध्याकाळी कोटेशनराव भंगारातल्या मशीनांच्या एका व्यापाऱ्याकडून बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा सगळा संच घेऊन आले. प्रोसेसरवर विटेएवढा धातूचा कूलर आधीच घट्ट बसवलेला होता आणि त्यावर सोनेरी रंगाचं चकचकीत स्टिकर, “अठरा कोअर, दमदार”. उरलेले पैसे त्यांनी पाकिटात घालून मुलीच्या हातात परत दिले. हे करताना त्यांना जो आनंद झाला तो खोटा नव्हता. आपण पोरीचे शिकवणीचे कष्ट वाचवले असं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे जरा ओलावले.

धाकटीने संच बघितला, पाकीट बघितलं, बाबांचा चेहरा बघितला. रविवारला तीन दिवस होते. व्यापारी विकलेला माल परत घेत नव्हता आणि हातात उरलेल्या पैशांत दुसरं काही येत नव्हतं. ती म्हणाली, “बघते बसतोय का.” शुक्रवारी कॉलेज बुडवून तिने तो एकटीने बसवला.

मशीन सुरू झालं तेव्हा घरातली बोलणी थांबली. पंखे पंपहाऊससारखे घुमत होते. कोटेशनरावांना तो आवाज ओळखीचा आणि भरवशाचा वाटला. बायकोने उठून मधलं दार लावून घेतलं.

रविवारी चारला सामना सुरू झाला. कोटेशनराव खुर्ची घेऊन मुलीच्या मागे बसले, आवाज न करता. सुरुवातीला सगळं ठीक होतं. ती एकटी एका भिंतीआडून चालत होती, चित्र छान सरकत होतं, आणि कोटेशनरावांनी मनातल्या मनात चष्मा पुसला. मग दोन्ही टीम दरवाज्यापाशी भिडल्या, आठ जणी, धूर, पडणाऱ्या भिंती, आणि चित्र अडखळलं. एकदा थांबलं, पुढे उडी मारली, पुन्हा थांबलं. थांबलेलं चित्र हललं तेव्हा धाकटी मेलेली होती. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्या डावाआधी तिने पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली. त्यात अठरा छोटे चौकोन होते, प्रत्येक कोअरचं काम दाखवणारे. दोन चौकोन काठोकाठ भरलेले होते, दोन-तीन अधूनमधून हलत होते, आणि बाकीच्यांत तळाशी एक सरळ रेघ होती. कोटेशनराव ते चित्र बघत राहिले. रोज सकाळी साडेदहाला विभागाच्या दारात उभं राहिलं की त्यांना हेच दिसायचं.

कप्तानने काय सांगितलं ते हेडफोनमुळे त्यांना ऐकू आलं नाही. मुलगी “हो” म्हणाली, मग “समजू शकते” म्हणाली, आणि हेडफोन काढून ठेवला. कोटेशनरावांनी बोलायला सुरुवात केली. दर, कोअर, तक्ता, असं काहीतरी ते बोलत होते.

“बाबा, तुमची काही चूक नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सगळं नियमाने केलंत.”

दरवर्षी ऑडिटवाले याच अर्थाचं एक वाक्य त्यांच्या फायलींवर लिहून जात आणि कोटेशनराव ते बायकोला वाचून दाखवत. आज मुलीच्या तोंडून ते ऐकताना त्यांना बसवेना. ती ओरडली असती, दार आपटलं असतं, तर बरं वाटलं असतं. ती उठून आईला कपडे वाळत घालायला मदत करायला गेली.

सोमवारी कोटेशनरावांनी रजा टाकली. मुलगी कॉलेजात, बायको शाळेत. त्यांनी कॉम्प्युटरचं खोकं उघडलं आणि कूलरचे स्क्रू काढायला पेचकस घेतला. निदान परत नेऊन व्यापाऱ्याशी भांडून तरी बघू. तेव्हा त्यांना दिसलं, की त्या सोनेरी स्टिकरचा एक कोपरा कुणीतरी उचलून पुन्हा अंगठ्याने दाबून बसवलाय. त्यांनी नखाने तो उचलला. खाली एक जुनी कागदी चिठ्ठी होती, पाणीपुरवठा खात्याच्या शिक्क्याची. “निर्लेखित. कारण: काम अत्यंत संथ, वापरास अयोग्य.” खाली तारीख तीन वर्षांपूर्वीची, आणि सही त्यांची स्वतःची.

खात्याचं जुनं सर्व्हर मशीन भांडार विभागाच्या शेऱ्यावर सही करून त्यांनीच निकामी ठरवून लिलावात काढलं होतं. खात्याला जे संथ म्हणून नको झालं, तेच त्यांनी मुलीला खेळायला आणून दिलं होतं. पण त्यांना जास्त लागलं ते दुसरंच. मशीन जोडताना हे स्टिकर उचलणारी एकच व्यक्ती घरात होती. शुक्रवारी तिने बापाची सही बघितली होती, स्टिकर परत दाबून बसवलं होतं, आणि रविवारी हरल्यावर “तुमची काही चूक नाही” म्हणाली होती.

कोटेशनराव जमिनीवर बसले. त्यांना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. एकतीस वर्षांत वाटायची राहिलेली बहुधा सगळी एकदम.

व्यापाऱ्याकडे ते गेलेच नाहीत. तडक बाईंच्या दुकानात गेले आणि मुलीने लिहून दिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. सहा कोअरवाला होता. बाईंनी किंमत सांगितली आणि म्हणाल्या, दुसरीकडे दोन ठिकाणी विचारून यायचं असेल तर बाजूला काढून ठेवते.

“नको,” कोटेशनराव म्हणाले. “मुलीने सांगितलाय तोच द्या.”

घरी येऊन ते लिहायला बसले. पत्र कप्तानला होतं, म्हणजे मुलीच्याच वयाच्या एका मुलीला, पण कोटेशनरावांना लिहिता येत होतं ते एकाच पद्धतीने. विषय: निवड सामन्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर खेळाडूची कामगिरी निकृष्ट ठरण्याचे कारण खेळाडू नसून यंत्र होय. यंत्राची निवड खाली सही करणाऱ्याने केली. खेळाडूने योग्य यंत्राची लेखी शिफारस सहा आठवडे आधी केली होती. ती विचारात घेण्यात आली नाही. चूक सर्वस्वी खाली सही करणाऱ्याची आहे. तरी फेरचाचणीचा विचार व्हावा, ही विनंती. खाली सही, तारीख, आणि कंसात “वडील”. “चूक” हा शब्द त्यांनी लाल शाईत लिहिला, कारण पेन तेच हाताला आलं.

धाकटी संध्याकाळी आली. नवं खोकं बघून तिने पिशवी खाली ठेवली. पत्र तिने उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. ती हसली की रडली हे सांगणं कठीण, दोन्ही थोडं थोडं झालं. मग तिने फोनवर पत्राचा फोटो काढला आणि कप्तानला पाठवला. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. तिने फोन बाबांच्या हातात दिला.

“काका, चौथी जागा काल रात्रीच भरली, त्या मुलीला शब्द दिलाय. तो फिरवता येणार नाही. हिला राखीव खेळाडू म्हणून घेते. आणि पुढच्या वेळी तिला विचारून घ्या.”

कोटेशनरावांनी ते तीनदा वाचलं. मुलीची जागा गेली होती आणि ती त्यांनी घालवली होती. कितीही सुंदर पत्र लिहिलं तरी ती परत येणार नव्हती. त्यांनी फोन परत दिला. मुलीने नवं खोकं उघडलं आणि बोर्ड हळूच बाहेर काढला. कोटेशनराव पेचकस घेऊन तिच्या शेजारी खाली बसले.

पहिला स्क्रू त्यांनी चिमटीत धरला, जागेवर टेकवला, आणि मग थांबले.

“हा कुठे बसवायचा गं?” त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, “तो नाही बाबा. आधी हा.” आणि त्यांनी तो खाली ठेवून दुसरा उचलला.